ठुमकीचा पट्टा

भोंगा वाजला आणि अख्खं गाव टेम्पोत चढायला लागलं. धुपाच्या डोंगराखाली शिलारस हलला की शेळ्या बेचैन होतात, आणि त्यांच्या गळपट्ट्यांतल्या यंत्रामुळे भोंगा वाजतो. केतकी मात्र उलटी गोठ्याकडे पळाली. तिची शेळी ठुमकी व्यायला टेकली होती, गळ्यात पट्टा तसाच!

"गाभणीचा पट्टा सकाळीच काढायचा असतो ना, शहाणे?" मागोमाग आलेली भामाकाकू कडाडली. "हिच्या कळांनी भोंगा वाजला, आणि उगाच म्हातारी माणसं उन्हात बसवलीस!"

"विसरले गं! थांब, सगळ्यांना उतरायला सांगते."

तिनं पट्टा काढला, पण भोंगा थांबेना. केतकीनं वर पाहिलं. बाकीच्या अकरा शेळ्या डोंगराकडे पाठ करून गोठ्याच्या दाराला धडका देत होत्या.

"काकू," ती दार उघडत म्हणाली, "ठुमकीला मागून धर. उचलूनच न्यायचीय."