बगळीच्या पायाशी

साखरशेत गावात रामीचं लग्न होतं. नवऱ्याकडे राहायला येऊन वर्षं लोटली होती. तिचीच दोन पोरं मांडवात हुंदडत होती. इथं लग्न मागाहूनच लागे. दरबारची लाकडं जव्हारला राजवाड्यावर पोचवून तिचा बाप ढवळू आला. ती घर सोडून गेल्यापासून दोघं बोलली नव्हती. लग्न लावणाऱ्या धवलेरीनं गाणं धरलं, “बापानं भिरकावला दगड, बगळी उडाली पल्याड.” बायकांनी विचारलं, “बगळीला कशाला मारला?” धवलेरी म्हणाली, “बापूस तापट.” ढवळू मधेच बोलला, “बगळीला नाय. तिच्या पायाशी साप होता, त्याला मारला.” हळदीसाठी रामीनं कपाळावरचे केस मागं सारले. भुवईवरचा जुना वण उघडा पडला. ढवळूनं मान खाली घातली. रामीनं घर सोडलं त्या दिवशी अंगणात साप नव्हता, हे दोघांनाच ठाऊक होतं. रामीनं वणावर हळद थापली आणि धवलेरीला म्हणाली, “तसंच गा, आते. साप मीपण बघितला.”