डावी बाजू

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये अहिल्या कॉम्प्युटरवर गाण्याचे क्लास घ्यायची. त्या सकाळी हेडफोनच्या डाव्या बाजूने आवाजच येईना. तिने पिन काढून पुन्हा लावली, सेटिंगमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज सारखा केला, कॉम्प्युटरही बंद करून सुरू केला. शेवटी लेकीचा हेडफोन लावून पाहिला, तरी डावीकडे काहीच नाही. तेव्हा मात्र ती घाबरली आणि तिने नवऱ्याला हाक मारली. राजीवने हेडफोन स्वतःच्या कानांना लावला.

"अगं, दोन्हीकडून बिल्कुल स्वच्छ येतोय की आवाज!"

अहिल्याने उजव्या कानात बोट घट्ट दाबून धरलं.

"राजीव, परत बोल ना."

राजीवचे फक्त ओठ हलले.