उजव्या हातानं
सेरेब्रल पाल्सीमुळे लेकीची उजवी मूठ कायम आवळलेली असायची. "हात चालता ठेवा. नळ, झाकणं, घरात दिसेल ते तिला फिरवू द्या," असं थेरपिस्टताईंनी बजावलं होतं.

आज दुपारी तिनंच आईच्या दुकानात फोन केला. "आई, मी उजव्या हातानं फिरवलं! एकटीनं!"

आईला रडूच कोसळलं. "शहाणी गं माझी ती! काय फिरवलंस?"

"गॅसच्या शेगडीचं बटण. पण घरात घाण वास सुटलाय, म्हणून गॅलरीत येऊन बसलेय."

आई किंचाळली. "बाबा आत झोपलेत ना? त्यांना आधी उठव!"

"केव्हाच्या हाका मारतेय गं. ते उठतच नाहीयेत."