हिरवा बाण

"लग्न झालेल्या मुलींच्या नावांना हिरवा रंग आणि बाण दे," अप्पाकाका फोनवर म्हणाले. "त्या आता परक्या घरच्या."

वैजूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माहेरच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची विकिपीडियासारखी वेबसाइट तिनेच उभी केली होती. आतल्या पानांच्या लिंक निळ्या. बाहेरच्या साइटच्या हिरव्या, पुढे बाण. लग्न तर तिचंही झालं होतं.

"देते," ती दातओठ खात म्हणाली. "परक्या घरच्या सगळ्यांनाच देते."

संध्याकाळी काका फोनवर कडाडले, "माझ्या आईच्या नावापुढे बाण? आधी तो काढ!"

"का? आजी परक्याच घरातून आली होती ना?"

"आई आहे ती माझी!"

"आणि मी मुलगी आहे या घरची. बोला काका, कुणाकुणाचे बाण काढू?"