एकही सोडली नाही

वांग्यांवर विष मारायचं नाही म्हणून मास्तरांनी मावा कीड खाणारे ढालकिडे दुकानातून डबीभर आणून सोडले. आठवड्याभरात ते दिसेनासे झाले. मावा तसाच होता, वर पानोपानी काळ्या काटेरी अळ्या. मास्तरांच्या जिवाला चैन पडेना. जेवता जेवता उठून ते वाफ्यात जाऊन बसत. शेवटी एक अळी बाटलीत घालून त्यांनी दुकान गाठलं.

"तुमचे ढालकिडे पळाले, आणि ही नवीच पीडा मागे लागली. पंधरा दिवस पान न् पान उलटून चिरडतोय. एकही सोडली नाही. आज ही शेवटची सापडली."

दुकानदाराने बाटलीला भिंग लावलं. 


"मास्तर, ढालकिडे पळाले नव्हते, अंडी घालून गेले होते. हे त्यांचंच पोर आहे."