एकटीचं मत

तिच्या दिराच्या पहिल्याच सिनेमाला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. अंथरुणाला खिळलेल्या बापाला मुलगा घास भरवतो आणि तो गिळता यावा म्हणून त्याच्या गळ्यावरून हलकेच अंगठा फिरवतो, त्या प्रसंगाला तर अख्खं थिएटर डोळे पुसत होतं.

घरी जेवताना ती एकटीच गप्प होती. दिरानं खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "मला नाही आवडला."

"घ्या! सगळं जग वेडं आणि ही एकटी शहाणी," नवरा खेकसला. "तुला काय कळतं गं सिनेमातलं?"

"बोलू दे रे दादा. वहिनी, काय खटकलं?"

"ते अंगठा फिरवायचं कुठून सुचलं, भाऊजी?"

"बाबांच्या आजारपणात व्हिडिओ कॉलवर पाहिलं होतं ना! मला कुठे यायला जमलं तेव्हा? दादानं दाखवलं होतं."



त्याच्यापुढचं ताट उचलत ती म्हणाली, "तेव्हा ह्यांनी नुसता फोन धरला होता. घास मी भरवत होते. आणि तुमच्या सिनेमातल्या घराला सूनच नाही."