फान मास्तरांची शिंक

आठ पुरुष रिंगण करून उभे राहिले, एकमेकांच्या कमरेमागे हात गुंफले, आणि तालुम पहिला सूर लावणार तेवढ्यात पाहुण्याला शिंक आली.

साधीसुधी नव्हे, चांगली सणसणीत. मधल्या टोपलीतल्या राळ्याच्या बियाण्यालाही ऐकू गेली असेल. पेरणीआधीच्या या गाण्याच्या वेळी कुणी शिंकलं की तैवानच्या डोंगरातला बुनुन जमातीचा माणूस त्या दिवशी गात नाही, काम करत नाही, मुकाट घरी जातो. हे शिंकणाऱ्या फान मास्तरांनाही ठाऊक होतं. ताइपेहून ते हे गाणं ऐकायलाच आले होते. विचारल्याशिवाय पाऊल टाकत नव्हते, रेकॉर्डरसुद्धा आपणहून तालुमच्या घरी ठेवून आले होते. आता बिचाऱ्यांचा चेहरा उतरला.

पर्यटकांपुढे स्टेजवर हे गाणं वर्षभर व्हायचं, पण बियाण्यापुढे खरंखुरं असं तीन वर्षांत झालं नव्हतं. आठ गळे जमतच नव्हते. यंदा पुतण्या अझिमान कारखान्यातून एक दिवसाची सुट्टी काढून आला, म्हणून जमले. संध्याकाळच्या बसने तो परत जायचा होता.

"काका, ते बाहेरचे," अझिमान हळूच म्हणाला. "त्यांची शिंक कशाला धरायची? करा सुरू."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मास्तरांनी तर पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. म्हणाले, मी परका माणूस, मला मोजू नका, मी खाली रस्त्यावर जाऊन उभा राहतो.

सोपं होतं. तालुमला हवंही होतं, अगदी जीव तुटेपर्यंत हवं होतं. त्याने बियाण्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. चार दिवस हा माणूस त्याच्या चुलीपाशी बसून जेवत होता. काल तर बायकोने, इबूने, त्यांच्याकडून हक्काने शेंगा सोलून घेतल्या होत्या.

"जेवताना घरचा आणि शिंकताना परका?" तालुम म्हणाला. "असं नाही चालत, मास्तर."

त्याने हात सोडवून घेतले. रिंगण मोडलं. इबूने टोपली झाकली. मास्तर जागचे हलेनात. भरून आलेले डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून खाली मान घालून बसले.

अझिमान बांधावर जाऊन बराच वेळ कारखान्याच्या मुकादमाशी फोनवर हुज्जत घालत होता. शेवटी त्याचा आवाज चढला.

"उद्या नाही जमणार, साहेब. आमच्या घरातलं माणूस शिंकलंय."